आई-बाबांना खालचा बर्थ हवाय? त्यांचं तिकीट वेगळं काढा

आम्ही घरच्या पाच जणांचं एकच तिकीट काढलं आणि बाबांच्या वाट्याला आला वरचा बर्थ. शिडीवर अर्ध्यात थांबून म्हणाले, "सिंहगड सोपा होता रे!"

चूक माझीच. पुढच्या वेळी हे केलं:

१. आयआरसीटीसीवर आई-बाबांचं दोघांचंच वेगळं तिकीट. कोटा निवडताना 'जनरल' सोडून 'लोअर बर्थ/सीनियर सिटिझन'.

२. या कोट्यात पुरुष ६० आणि बायका ४५ वर्षांपासून पुढे चालतात. (४५ची अट वाचून आमच्या वहिनी रुसल्या होत्या, पण बर्थ घेतला.) एका तिकिटावर जास्तीत जास्त दोघं, आणि दोघंही अटीत बसणारे. नातवाचं नाव त्यात घुसवलंत की संपलं.

३. बाकीच्यांचं तिकीट त्याच गाडीचं, जनरल कोट्यात. डबा वेगळा येऊ शकतो, म्हणून डबा-बर्थ नंबर मोठ्या अक्षरात चिठ्ठीवर लिहून बाबांच्या खिशात. गोळ्या आणि पाण्याची बाटली आईच्या पर्समध्येच, आपल्या बॅगेत नाही.

कोट्यातल्या जागा मोजक्याच असतात, लवकर काढा. भाडं मात्र पूर्ण लागतं. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. वयाचा पुरावा असलेलं ओळखपत्र जवळ ठेवा.