डीएलसी कोटिंग तपासताना या चुका टाळा

डीएलसी (डायमंड-लाइक कार्बन) म्हणजे भागांवर चढवलेला, हिऱ्यासारखा कठीण कार्बनचा पातळ थर. मे महिन्यात झकास आलेला त्याचा घर्षणांक (घर्षण किती, हे सांगणारा आकडा) जुलैत दुपटीवर गेला, की पहिला संशय कोटिंगवर जातो. माझाही गेला होता. आठवडाभर कोटिंग चढवायचा चेंबर साफ केला, गॅसच्या नळ्या तपासल्या, नवा नमुना काढला, आकडा तसाच. शेवटी लक्षात आलं, की जुन्या नोंदींत भार होता, वेग होता, पण आर्द्रतेचा रकानाच नव्हता. पुण्याचा मे आणि पुण्याचा जुलै यांत केवढा फरक!

ही चूक सगळ्यात महागात पडते. भरपूर हायड्रोजन असलेल्या डीएलसीच्या पृष्ठभागावर कार्बनचे मोकळे बंध हायड्रोजनने झाकलेले असतात, त्यामुळे समोरचा भाग त्याला चिकटत नाही. कोरड्या नायट्रोजनमध्ये असा थर 0.01 च्याही खाली जातो. अमेरिकेच्या आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेत अली एर्देमिर यांच्या गटाने तर 0.001 च्या घरातले आकडे मिळवले. दमट हवेत मात्र त्याच थराचं घर्षण कित्येक पटींनी वाढतं. टीए-सी या हायड्रोजन नसलेल्या डीएलसीच्या जातीचं बरोबर उलट. त्याचे मोकळे बंध झाकायला हवेतली वाफच लागते. निर्वातात त्याचा घर्षणांक 0.5 च्याही वर जाऊ शकतो. म्हणून कोटिंग कोणत्या जातीचं आणि कुठल्या हवेत तपासलं, हे लिहिल्याशिवाय घर्षणाचा आकडा कुणाला देऊ नका.

दुसरी चूक लवचिकता मोजताना होते. थर एक मायक्रॉनचा (1000 नॅनोमीटर) आणि इंडेंटर, म्हणजे थरात दाबायची टोकदार सुई, 300 नॅनोमीटर आत, तर तुम्ही बरंचसं खालचं पोलाद मोजताय. खोली जाडीच्या दहा टक्क्यांत ठेवा, हा नियम कठीणपणासाठी ठीक आहे. लवचिकता गुणांकाला तोही पुरत नाही, कारण ताण ठशाच्या कितीतरी खालपर्यंत पसरतो. वेगवेगळ्या खोल्यांवर मोजून शून्य खोलीकडे रेषा न्या. शंका असेल तर तोच थर एकाच वेळी काचेवर आणि सिलिकॉनवर चढवा. काचेचा गुणांक 70 गिगापास्कलच्या आसपास, सिलिकॉनचा साधारण त्याच्या दुप्पट किंवा जास्त. दोन्हींवर वेगळी उत्तरं आली, तर पायाच, म्हणजे थराखालचा पदार्थच, बोलतोय.

नुसत्या कठीणपणामागेही धावू नका. कठीणपणा आणि लवचिकता गुणांक यांचं गुणोत्तर झिजेबद्दल बरंच जास्त सांगतं. फुलरीनसारख्या (कार्बनच्या पोकळ चेंडूसारख्या रेणूसारख्या) रचनेच्या कार्बन नायट्राइड कोटिंगमध्ये वाकलेले पापुद्रे एकमेकांत गुंतलेले असतात. भार काढला, की दाबलेली जागा बरीचशी वर येते. सूक्ष्मदर्शकाखाली ठसा शोधून सापडला नाही, तर चाचणी फसली असं समजू नका. आधी भार-खोलीचा आलेख बघा.

रात्रीतून नागमोडी फुगवटे उठून थर सुटला, तर आतला दाब-ताण जास्त आहे. अशा वेळी जाडी वाढवली तर आणखी बिघडतं. क्रोमियम किंवा टायटॅनियमचा मधला थर आणि पायाची स्वच्छता आधी बघा.

आणि पिन-ऑन-डिस्कच्या, म्हणजे फिरत्या चकतीवर बॉल घासून घर्षण मोजायच्या चाचणीच्या, दोन टप्प्यांमध्ये बॉल पुसू नका. मी सवयीने ॲसिटोनचा बोळा फिरवायचो. बॉलवरचा तो काळपट, चकचकीत डाग म्हणजे घाण नव्हे. कोटिंगमधून निघून बॉलवर बसलेला तो कार्बनचा थर असतो, आणि कमी घर्षण बहुतेक वेळा त्याच्यामुळेच मिळतं. पुसला, की आलेख पुन्हा वर उडी मारतो आणि खाली यायला आणखी शेकडो फेऱ्या लागतात.