केमो चालू असताना ध्यान : या चुका टाळा

स्तनाच्या कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या पुष्कळ बाया ध्यान सुरू करतात आणि लवकरच सोडून देतात. का, तर "डोळे मिटले की डोक्यात विचारांचा बाजारच भरते." विचार आले म्हणजे ध्यान फसलं, ही सगळ्यात मोठी चूक. मन रिकामं करायचंच नाही. 'पुढच्या केमोले पैसे कुठून आणू' असं मनात आलं, ते आलं हे कळलं, की लक्ष पुन्हा श्वासावर आणायचं. शंभरदा गेलं तर शंभरदा. हाच सराव.

ऑपरेशननंतर छाती ओढल्यासारखी होते आणि श्वासाकडे पाहिलं की काहींना उलट घाबरायला होतं. मग श्वास सोडून द्या. तळव्यांना लागणारी जमीन, गोठ्यातल्या बैलाची घुंगरं, कशावरही लक्ष ठेवा. डोळे उघडे चालतात. शरीरभर लक्ष फिरवताना छातीपाशी जाववत नसेल तर ती जागा खुशाल वगळा. मांडी घालून बसायचा हट्टही नको. खाटेवर टेकून बसा, काखेतल्या गाठी काढल्या असतील तर तो हात उशीवर ठेवा.

गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक ध्यानाची सवय असेल तर उत्तमच. पण केमोनंतर रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात आणि संसर्ग लवकर होतो, त्या दिवसांत गर्दीत न जाता घरीच बसा.

अर्धा तास मिळत नाही म्हणून ध्यानच नाही, असंही नको. कापूस वेचणीच्या दिवसांत कोणत्या घरात अर्धा तास मिळतो? दवाखान्याच्या रांगेतली पाच मिनिटंही पुरतात.

आता जिवावर बेतणारी चूक. ध्यानानं गाठ विरघळत नाही. 2023 साली अमेरिकेतल्या कॅन्सर डॉक्टरांच्या संघटनांनी ध्यानाची शिफारस केली ती कॅन्सरच्या रुग्णांची चिंता आणि उदासी कमी व्हावी म्हणून, औषधाच्या जागी नव्हे. कुणी काहीही सांगो, केमो किंवा कॅन्सर परत येऊ नये म्हणून दिलेली टॅमॉक्सिफेनची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

आणि शांत राहणं म्हणजे सोसत राहणं नव्हे. केमोच्या काळात ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच दवाखाना गाठा. हात सुजला, जड वाटला तरी दाखवा. ध्यान करूनही दोन आठवडे रडू थांबत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर घरच्यांना सांगा आणि टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 वर फोन लावा. तिथं मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.