आहारात बदल: एका वेळी एक, आणि जुन्याच्या जागी

चांगले खायचे ठरवले की महिन्याचा खर्च वाढतो, अशी तक्रार वारंवार ऐकू येते आणि ती पुष्कळदा खरीही असते. मात्र तिचे कारण पौष्टिक पदार्थांच्या किमतीत जेवढे असते, त्याहून अधिक आपल्या बदल करण्याच्या पद्धतीत असते. सुकामेवा, महागडी फळे, पाकीटबंद ‘आरोग्यदायी’ पदार्थ अशा नव्या वस्तू घरात येतात, पण जुन्या वस्तूंपैकी एकही बाहेर जात नाही. साहजिकच खर्च वाढतो, खाणेही वाढते आणि दीड-दोन महिन्यांत उत्साह ओसरतो. म्हणून प्रत्येक बदलापूर्वी एकच प्रश्न विचारावा: ही वस्तू कोणाच्या जागी येणार? ज्या बदलाला याचे उत्तर देता येत नाही, तो तूर्त पुढे ढकललेला बरा.

आधी एक आठवडा नुसते लिहावे

पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नये. एका वहीत रोज काय खाल्ले, काय प्यायले, साधारण किती वाजता, आणि त्यासाठी किती पैसे गेले एवढेच टिपावे. चहातली साखर, येताजाता तोंडात टाकलेली बिस्किटे, मुलांच्या ताटातले उरलेले संपवणे हे सारे त्यात यावे, कारण नेमक्या याच गोष्टी आठवणीतून निसटतात. लाज वाटून एखादी नोंद गाळली तर वही निरुपयोगी ठरते. ती दुसऱ्या कोणाला दाखवायची नसते.

आठवडा संपल्यावर नोंदी वाचताना सणासुदीच्या किंवा पाहुणचाराच्या जेवणाकडे फारसे लक्ष देऊ नये. महिन्यातून एकदा होणाऱ्या भरगच्च जेवणापेक्षा दिवसातून तीनदा होणारी छोटी गोष्ट कितीतरी पटींनी महत्त्वाची असते. जी वस्तू सर्वांत जास्त वेळा आली असेल, तिच्यापासून सुरुवात करावी.

पहिला बदल बहुधा पेल्यात सापडतो

पेयांमधील साखर कमी करण्याला काहीच खर्च येत नाही, उलट पैसे वाचतात. म्हणून आरंभासाठी याहून सोयीची जागा क्वचितच मिळेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वरून घातलेल्या साखरेतून, तसेच मध, पाक आणि फळांच्या रसातील साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी असावी आणि जमल्यास 5 टक्क्यांपर्यंत खाली आणावी. दिवसाला 2,000 कॅलरी घेणाऱ्या व्यक्तीसाठी 10 टक्के म्हणजे 50 ग्रॅम साखर. कोलाच्या 330 मिलिलिटरच्या एका डब्यात सुमारे 35 ग्रॅम साखर असते, म्हणजे दिवसाच्या मर्यादेतला मोठा वाटा त्या एका डब्यातच संपतो. फळांचा रसही या हिशेबात धरला जातो. अख्खे फळ मात्र धरले जात नाही. रसाऐवजी फळ खाणे हा बदल जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतो, कारण एक पेला रसाला तीन-चार फळे लागतात.

गरम पेयातील साखरेचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. दिवसाला तीन कप चहा आणि प्रत्येक कपात दोन लहान चमचे साखर धरली, एका सपाट चमच्यात सुमारे 4 ग्रॅम साखर मावते असे मानले, तर दिवसाचे 24 ग्रॅम होतात आणि वर्षाला एकाच व्यक्तीच्या पोटात पावणेनऊ किलो साखर केवळ चहातून जाते. ती एकदम बंद केली की चहा बेचव लागतो आणि चौथ्या दिवशी डबा पुन्हा उघडतो. त्यापेक्षा दर दोन आठवड्यांनी पाव चमचा कमी करावी. एवढा फरक जिभेला जेमतेम कळतो, आणि तेवढ्या अवधीत ती नव्या चवीला सरावते. चमचा मात्र रोज तोच वापरावा आणि तो सपाट भरावा; शीग भरलेल्या चमच्याने सगळे गणित कोसळते.

वाचलेले पैसे कडधान्यांकडे

थंड पेये, बिस्किटे आणि तळलेले पाकीटबंद पदार्थ यांतून जी काही बचत होईल, ती बाजूला काढून डाळी आणि कडधान्यांवर खर्च करावी असे माझे स्पष्ट मत आहे. वाळलेल्या कडधान्यांत वजनाच्या साधारण 20 ते 25 टक्के प्रथिने असतात, चोथा (तंतुमय भाग, म्हणजे फायबर) भरपूर असतो, ती महिनोन्‌महिने टिकतात आणि शिजल्यावर वजनाने दुपटीहून अधिक होतात. प्रथिनांच्या महागड्या पावडरीवर पैसे घालवण्याआधी या डब्याकडे पाहावे.

अडचण असते ती वेळेची. भिजवायचे राहून जाते आणि मग आयत्या वेळी दुसरेच काहीतरी खाल्ले जाते. यावर उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा मोठ्या प्रमाणात भिजवून, शिजवून, निथळून, एका वेळच्या भाजीला पुरतील असे लहान डबे भरून ते डीप फ्रीजरमध्ये ठेवावेत; साध्या फ्रीजमध्ये ते तीन-चार दिवस चांगले राहतात. भिजवलेले पाणी टाकून नव्या पाण्यात शिजवल्यास पोट फुगण्याचा त्रास कमी होतो. राजम्याच्या बाबतीत एक सावधगिरी अत्यावश्यक आहे: कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यातील लेक्टिन या विषारी प्रथिनामुळे काही तासांतच तीव्र उलट्या होऊ शकतात. तो निदान पाच तास भिजवून, पाणी बदलून, अर्धा तास खळखळून उकळलेला किंवा प्रेशर कुकरमध्ये पूर्ण शिजवलेला असावा. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात तो थेट शिजायला ठेवू नये.

मांसाहार करणाऱ्यांनी मांस बंद करण्याची गरज नाही. खिम्यात किंवा रश्शात मांसाचे प्रमाण निम्मे करून उरलेल्या निम्म्याच्या जागी शिजवलेले कडधान्य घातले तर चवीत फार तफावत पडत नाही आणि खर्च बराच उतरतो. डाळी-कडधान्यांतील लोह शरीरात नीट शोषले जावे यासाठी सोबत लिंबाचा रस, टोमॅटो किंवा ‘क’ जीवनसत्त्व असलेले अन्य काही घ्यावे, आणि चहा-कॉफी जेवणाला लागून न घेता तासाभराचे अंतर ठेवावे.

चोथ्याचे प्रमाण मात्र हळूहळूच वाढवावे. प्रौढांना दिवसाला किमान 25 ग्रॅम चोथा नैसर्गिक अन्नातून मिळावा अशी शिफारस आहे. पण आजवर त्याच्या निम्माच खाणाऱ्याने एका आठवड्यात तिथवर उडी मारली तर वायू, गच्चपणा आणि पोटदुखी यांनी तो हैराण होईल आणि दोष अन्नाला देईल. कडधान्य आठवड्याला दोन वेळा, मग तीन वेळा अशी वाढ करावी आणि पाणी पुरेसे प्यावे. धान्याचेही तसेच. कोंडा काढलेल्या आणि मैद्यासारख्या बारीक दळलेल्या धान्याच्या जागी अख्खे धान्य आणताना प्रथम चौथा हिस्सा मिसळावा आणि घरातल्यांची तक्रार थांबली की तो वाढवावा.

मिठाचे पाकीट किती दिवसांत संपते?

प्रौढ व्यक्तीने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपण किती खातो हे ताटाकडे पाहून कळत नाही, पण पाकिटावरून बऱ्यापैकी कळते. नवे पाकीट फोडताना त्यावर तारीख लिहावी. चार प्रौढांच्या घरात, प्रत्येकी 5 ग्रॅम धरल्यास, एक किलो मीठ 50 दिवस पुरायला हवे. ते 30 दिवसांत संपत असेल तर माणशी दिवसाला सव्वाआठ ग्रॅमच्या आसपास मीठ लागते आहे, आणि लोणची, पापड, चिप्स, सॉस व बाहेरचे जेवण यांतील मीठ त्यात धरलेलेच नाही. मुलांची गरज याहून कमी असते, त्यामुळे मुले असलेल्या घरात पाकीट आणखी जास्त दिवस टिकले पाहिजे.

पुढच्या पाकिटाचे उद्दिष्ट पाच दिवसांनी लांबवावे, एवढेच. स्वयंपाकातले मीठ थोडे थोडे कमी करावे, ताटात वरून घेण्याचे मीठ टेबलावरून उचलून ठेवावे आणि आंबटपणा, लसूण, मिरी, कोथिंबीर यांचा हात सैल सोडावा. कमी मिठाची सवय व्हायला जिभेला काही आठवडे, कधी दोन-तीन महिने लागतात. त्यानंतर पूर्वीचेच जेवण खारट वाटू लागते. वापरायचे मीठ आयोडीनयुक्तच असावे. सोडियम कमी करून पोटॅशियम घातलेले मीठ बाजारात मिळते आणि ते अनेकांना उपयोगी पडते. परंतु मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, तसेच पोटॅशियम वाढवणारी रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये.

तेलालाही हीच तारखेची युक्ती लागू पडते. बाटलीतून थेट कढईत ओतण्याऐवजी चमच्याने मोजून घातले तरी वापर आपोआप कमी होतो. एका मोठ्या चमच्यात सुमारे 120 कॅलरी असतात, हे मोजताना लक्षात असू द्यावे.

भाजी: आणणे सोपे, संपवणे अवघड

दिवसाला फळे आणि भाज्या मिळून किमान 400 ग्रॅम खाव्यात. बटाट्यासारखी पिष्टमय कंदमुळे यात धरत नाहीत. हा आकडा पाहून एकदम दुप्पट भाजी आणली जाते आणि तिच्यातला तिसरा हिस्सा कुजून जातो. फेकलेली भाजी ही घरातली सर्वांत महाग भाजी होय. त्यामुळे येथे बदल खरेदीपासून नव्हे, तर संपवण्यापासून सुरू करावा: आधी आहे ती भाजी वाया जाणार नाही इतपत शिस्त लावावी आणि मगच प्रमाण वाढवावे. पालेभाज्या आणल्यापासून दोन दिवसांत खाव्यात. कोबी, गाजर, भोपळा यांना आठवड्याच्या उत्तरार्धासाठी राखावे. हंगामातली भाजी स्वस्त असते. गोठवलेली भाजीही पोषणात सहसा कमी नसते, कारण ती तोडल्यावर लवकर गोठवली जाते. फक्त तिच्यात मीठ, साखर किंवा सॉस मिसळलेला नसावा. ताटात भाजी आधी वाढावी आणि धान्याचा पदार्थ नंतर, म्हणजे कमी काय पडले ते ताटाकडे पाहूनच कळते.

घरातल्या एका माणसासाठी वेगळा ‘पथ्याचा’ स्वयंपाक करू नये. तो करणाऱ्याचे श्रम दुप्पट होतात आणि खाणाऱ्याला शिक्षा झाल्यासारखे वाटते. मुलांनी नवी भाजी नाकारली तर जबरदस्ती न करता ती लहान प्रमाणात पुन्हा पुन्हा वाढत राहावी. आठ-दहा वेळा समोर आल्यावर कित्येक मुले ती खाऊ लागतात. पालक तिसऱ्याच वेळेला हार मानतात, ही खरी अडचण असते.

पाकिटावर काय वाचावे

पाकिटाच्या दर्शनी बाजूवरचे मोठे शब्द सोडून मागची बाजू वाचावी. घटकांची यादी साधारणपणे वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणून पहिल्या तीन नावांत साखर, पाक किंवा तेल असेल तर पुढचे वाचण्याचे कष्ट वाचतात. दोन पदार्थांची तुलना नेहमी 100 ग्रॅमच्या आकड्यांवरून करावी, कारण ‘एका वेळचे प्रमाण’ कंपनी आपल्या सोयीने ठरवते. सोडियमचा आकडा अडीचने गुणला की मिठाचा आकडा मिळतो.

अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाबाबत, म्हणजे कारखान्यात अनेक प्रक्रियांतून तयार होणाऱ्या पदार्थांबाबत, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला, 2019 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग बोलका आहे. 20 प्रौढांना दोन आठवडे असे अन्न आणि दोन आठवडे कमीत कमी प्रक्रिया केलेले अन्न देण्यात आले. दोन्हींत समोर ठेवलेल्या ताटातील कॅलरी, साखर, मेद, मीठ आणि चोथा सारखाच होता आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर असताना लोकांनी दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खाल्ल्या. म्हणजे असे पदार्थ घरात ठेवून निग्रहाने कमी खाण्यापेक्षा ते कमी आणणे सोपे. निर्णय दुकानात एकदा घ्यावा लागतो, घरात मात्र दिवसातून वीस वेळा.

दुसरा बदल कधी सुरू करावा

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी सहकाऱ्यांसह केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला मध्यकाने 66 दिवस लागले (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त), पण व्यक्तिगणिक हा काळ 18 दिवसांपासून 254 दिवसांपर्यंत पसरलेला होता. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा अडथळा आला नाही, हेही त्यात दिसले. यावरून व्यवहारापुरते एवढेच घ्यावे की 21 दिवसांत सवय लागते या लोकप्रिय कल्पनेवर विसंबू नये. पहिला बदल आठवण न करता होऊ लागला म्हणजे दुसरा हाती घ्यावा. तसे होत नसेल तर तो बदल आणखी लहान करावा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी जेवणाच्या वेळा किंवा धान्याचे प्रमाण बदलण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून औषधाचे प्रमाण ठरवून घ्यावे, कारण त्यांच्यासाठी चांगला बदलही अचानक झाला तर धोक्याचा ठरतो.

शेवटी, थकून घरी आलेल्या संध्याकाळची तरतूद आधीच केलेली असावी. बहुतेक संकल्प त्याच वेळी मोडतात आणि बाहेरून मागवलेल्या एका जेवणात आठवड्याची बचत निघून जाते. शिजवलेल्या कडधान्याचा गोठवलेला एक डबा, गोठवलेली एक भाजी, चालत असल्यास चार अंडी आणि वीस मिनिटांत होणारे एखादे धान्य एवढा साठा घरात कायम असावा. त्यातून केलेले जेवण साधेच होईल, ते तसेच असू द्यावे. त्यातली वस्तू वापरली की दुसऱ्याच दिवशी ती खरेदीच्या यादीत सर्वांत वर लिहावी.