रॅम घ्यायची? आधी कॅबिनेट उघडा, मग पाकीट

‘पीसी स्लो झालाय, रॅम द्या’ एवढंच सांगितलं तर दुकानदार समोर असेल ती स्टिक देणार. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारातून ती घेऊन ठाण्याला परत यायचं, खाच जुळत नाही हे पाहायचं आणि पुन्हा दादरला गाडी बदलून ग्रँट रोड गाठायचं. हा हेलपाटा घरी दहा मिनिटं दिली तर वाचतो.

मुळात रॅम, म्हणजे चालू काम धरून ठेवणारी मेमरी, कमी पडतेय का, ते पहा. रोजचं काम चालू ठेवा: टॅली, एक्सेल, क्रोमचे पंधरा टॅब. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, त्यात मेमरी. आकडा सतत ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रॅम हवीच. मेमरी ५०-६० टक्के आणि डिस्क मात्र १०० ला चिकटलेली असेल तर दोष जुन्या हार्ड डिस्कचा. ते पैसे एसएसडीला, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान ड्राइव्हला घाला.

त्याच मेमरीच्या पानावर खाली स्पीड, ‘स्लॉट्स यूज्ड’ (स्टिक बसवायच्या किती जागा भरल्यात) आणि ‘फॉर्म फॅक्टर’ (स्टिकचा आकार) दिसतात. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. डिम म्हणजे लांब स्टिक, सोडिम म्हणजे लॅपटॉपची आखूड; ऑल-इन-वन आणि मिनी पीसीत बहुधा आखूडच लागते. विंडोज ३२ बिट असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम वाया जाते.

आता बाजूचं झाकण काढा. मदरबोर्डचं, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डाचं मॉडेल त्यावरच छापलेलं असतं. ते कंपनीच्या साइटवर शोधून कमाल किती रॅम चालते ते वाचा. डीडीआर३, ४, ५ या रॅमच्या पिढ्या. जुन्या एच६१ चिपसेटच्या बोर्डांवर डीडीआर३ आणि जास्तीत जास्त १६ जीबी, त्यापुढे गाडी जात नाही. डीडीआर३ ला २४० पिना असतात, डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८. पिना तेवढ्याच असल्या तरी मधली खाच वेगळ्या जागी असते आणि व्होल्टेजही वेगळं, डीडीआर४ ला १.२ आणि डीडीआर५ ला १.१ व्होल्ट. त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. स्टिक सहज बसत नसेल तर जोर लावू नका.

जुन्या स्टिकचं स्टिकर नीट वाचा. ‘८जीबी १आरएक्स८ पीसी४-२६६६’ असं काहीतरी असेल. पीसी४ म्हणजे डीडीआर४, २६६६ हा वेग. काही जण त्याऐवजी २१३०० छापतात. २६६६ ला ८ ने गुणलं की साधारण तोच आकडा येतो, गोंधळू नका. तिच्या जोडीला ३२०० ची लावली तर दोन्ही २६६६ नेच चालतील. नुकसान नाही, पण त्या वेगाचे जादा पैसेही मोजू नका. ऑनलाइन स्वस्तात दिसणारी ‘सर्व्हर रॅम’ टाळा. ती बहुतेक वेळा ‘रजिस्टर्ड’ या वेगळ्या प्रकारची असते आणि साध्या डेस्कटॉपवर चालत नाही.

किती घ्यावी? ऑफिसच्या कामाला १६ जीबी भरपूर, व्हिडिओ एडिटिंगला ३२. बोर्डावर दोनच स्लॉट असतील आणि पुढे वाढवायचा विचार नसेल तर १६ ची एक घेण्यापेक्षा ८ च्या दोन घ्या. ड्युअल चॅनल मिळतो, म्हणजे दोन्ही स्टिक एकाच वेळी काम करतात, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर फरक स्पष्ट जाणवतो, कारण ग्राफिक्सही हीच रॅम वापरतं. चार स्लॉट असतील तर दोन स्टिक बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात.

बसवताना प्लग काढा, मग पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगातली स्टॅटिक उतरवा. स्लॉटच्या टोकाची लॅच (खिटी) उघडा, खाच जुळवा आणि दोन्ही टोकं अंगठ्यांनी ‘टक्’ आवाज येईपर्यंत सरळ दाबा. एका बाजूने अर्धवट बसलेली स्टिक हे डिस्प्ले न येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण.

दुसरं कारण आपल्याकडची हवा. खाडीकाठच्या ठाणे-वाशीत पावसाळ्यात स्टिकच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर बसतो. जुनी स्टिक जरा हलली की तीच बंद पडते आणि आळ नवीवर येतो. स्टिक बाहेर काढून स्वच्छ पांढऱ्या खोडरबराने पट्टी हलकेच घासा, कण कोरड्या ब्रशने झाडा आणि मग बसवा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे थेंब उडतात.

डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा चालू करताना काही मिनिटं पडदा काळा राहू शकतो. बोर्ड रॅमची जुळणी करत असतो. घाबरून बटण दाबू नका. चालू झाल्यावर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, एकूण जीबी पहा. ३२०० ची स्टिक २१३३ किंवा २४०० दाखवत असेल, आणि बोर्ड-प्रोसेसर तो वेग झेलत असतील, तर तिथेच एक्सएमपी, म्हणजे स्टिकचा छापील वेग लागू करणारं सेटिंग, चालू करा.

शेवटी पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम टाकून रात्रभर चालवा. एकही एरर आला तर स्टिक एकेक करून तपासा आणि खराब असेल ती परत करा. त्यासाठी बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि स्टिकवरचं स्टिकर काढू नका; ते निघालं की वॉरंटी मागायला तोंड राहत नाही.