बर्फाळ हिवाळ्यात कोंबड्यांचं पाणी आणि ऊब कशी सांभाळाल?

अमेरिकेत मिनेसोटा-विस्कॉन्सिनकडे किंवा कॅनडात ऑन्टॅरियोत घरामागे चार-सहा कोंबड्या पाळायच्या, तर जानेवारीतली उणे 20, कधी उणे 30 अंश सेल्सियसची रात्र धरूनच तयारी हवी. मिनेसोटातल्या टॉवर गावाजवळ 2 फेब्रुवारी 1996 रोजी पारा उणे 51 अंशांपर्यंत उतरला होता. आपल्याकडे कोंबड्यांची काळजी वाटते ती एप्रिल-मेच्या उन्हात. त्यामुळे तिकडे गेलेल्या माणसाला वाटतं, खुराडं चहूबाजूंनी घट्ट बंद करावं आणि आत मोठा दिवा लावावा. कृपा करून दोन्ही करू नका. पूर्ण पिसांची, निरोगी कोंबडी कोरडी थंडी चांगली सोसते. तिच्या अंगाचं तापमान 41 अंशांच्या आसपास असतं आणि पिसं फुलवून ती उबदार हवा अंगालगत धरून ठेवते. ती खचते ओलीने आणि तहानेने.

1. आधी झरोके, मग भिंतीच्या फटी

हे काम ऑक्टोबरातच उरका. कोंबड्यांच्या श्वासातून आणि विष्ठेतून रात्रभर वाफ सुटते. तिला वाट मिळाली नाही की ती तुऱ्यावर बसते आणि गोठते. म्हणून छपराखाली, बसायच्या दांडीपेक्षा बऱ्याच उंचीवर, समोरासमोर झरोके ठेवा आणि ते कडाक्याच्या थंडीतही उघडे असू द्या. कोंबड्यांच्या अंगावर थेट वारा येणाऱ्या खालच्या फटी मात्र बुजवा. झरोक्यांना जाड, बारीक चौकोनी जाळी लावा, नाहीतर रकून (तिकडचा मांजराएवढा शिकारी प्राणी) आत शिरेल. सकाळी खिडकीच्या काचेवर आतून बर्फाचा थर दिसला, तर झरोके कमी पडताहेत. खाली वाकून, कोंबडीच्या उंचीवर वास घ्या; डोळ्यांना झोंबणारा अमोनिया जाणवला तरी तेच समजा.

2. जमीन आणि दांडी

जमिनीवर पाइनच्या लाकडाच्या पातळ सालप्यांची 15-20 सेंटिमीटर जाड गादी घाला. ओला भाग दिसेल तो काढा, वर नवा कोरडा थर टाका. अधूनमधून मूठभर धान्य विखुरलंत की कोंबड्या उकरून गादी स्वतःच खालीवर करतात.

दांडी लाकडाचीच हवी आणि तिची रुंद, साधारण 9 सेंटिमीटरची बाजू वर यावी. कोंबडी त्यावर बसली की पोटाची पिसं बोटांवर पसरतात. बारीक गोल दांडीवर बोटांची टोकं उघडी राहतात, आणि लोखंडी नळी तर पायांतली ऊब खेचून घेते.

3. पाणी: रोजचं खरं काम

अंडं देणारी कोंबडी दिवसाला साधारण पाव ते अर्धा लिटर पाणी पिते. अंड्यातही सुमारे तीन-चतुर्थांश पाणीच असतं. पाणी गोठून काही तास मिळालं नाही, तर खाणं घटतं आणि पुढचे काही दिवस अंडीही कमी होतात. बर्फ टोचून कोंबड्या तहान भागवतील या भरवशावर राहू नका. तो अंगात वितळवायलाही त्यांची ऊबच खर्च होते.

वीज नसेल तर काळ्या रबराची दोन घमेली घ्या. एक बाहेर, एक घरात. सकाळी दार उघडताना कोमट पाणी भरलेलं ठेवा आणि गोठलेलं उचलून आणा. रबर लवचीक असल्याने उलटं करून पायाने दाबलं की बर्फाची चकती निखळते. प्लास्टिकचं भांडं अशा थंडीत तडकतं. दुपारी आणि दिवस मावळण्याआधी पुन्हा अदलाबदल करा. पाणी गोठू नये म्हणून त्यात मीठ घालू नका, कोंबड्यांना ते बाधतं.

वीज असेल तर पत्र्याच्या पाणीभांड्याखाली ठेवायची तापती बैठक मिळते. मला त्याहून पसंत आहे ती आडव्या निपलची, म्हणजे चोचीने टोचलं की पाणी सोडणाऱ्या तोटीची बादली, आत जनावरांच्या हौदात वापरतात तसा थर्मोस्टॅटचा (आपोआप चालू-बंद होणारा) छोटा हीटर टाकलेली. पसरट भांड्यात चोचीखाली लोंबणारी लाल कातडी भिजते आणि ओली कातडी आधी गोठते. निपलमुळे हा प्रश्न मिटतो. बादलीत पाणी हीटर बुडेल इतकं कायम हवं. वायर बाहेर वापरण्याजोगी घ्या, जोड बर्फापासून वर ठेवा आणि विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा सॉकेट बसवा.

रात्री पाणी खुराड्यात ठेवू नका. अंधारात कोंबड्या पीत नाहीत, आणि सांडलं तर ओल वाढते.

4. दिवा लावायचा का?

250 वॅटचा लाल दिवा, खाली कोरडा भुसा, वर धूळ आणि फडफडणारे पंख. यातून खुराडी जळतात. शिवाय ऐन वादळात वीज गेली, तर उबेला सरावलेल्या कोंबड्या एकदम गारठतात. म्हाताऱ्या, आजारी किंवा पिसं गळत असलेल्या कोंबडीसाठी भिंतीला लावायचं सपाट उष्णता-पॅनेल बरं. पिल्लांची गोष्ट वेगळी. त्यांना ऊब लागतेच.

जातही बघून घ्या. लेगहॉर्नचा मोठा तुरा लवकर गोठतो. वायनडॉटचा बसका असतो. क्वेबेकमधल्या ओका इथल्या मठात तयार झालेल्या शांतक्लेअरला तुरा जेमतेमच.

5. खाद्य आणि अंडी

थंडीत कोंबड्या जास्त खातात, तेव्हा लेयर खाद्य (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं तयार खाद्य) हात आखडता न घेता द्या. झोपण्याआधी थोडा भरडलेला मका द्या; रात्रभर पचत राहतो आणि ऊब देतो. जमीन बर्फाखाली गेल्याने पोटात दाणे दळायला लागणारे खडे मिळत नाहीत, म्हणून बारीक खडी वेगळ्या भांड्यात ठेवा. अंडी दिवसातून दोन-तीनदा उचला, गोठली की तडकतात.

6. तुरा गोठला तर

टोकं आधी पांढरट-राखी दिसतात, पुढे काळी पडतात. चोळू नका, हेअर ड्रायर लावू नका. कोंबडी घरातल्या थंडसर, कोरड्या खोलीत खोक्यात ठेवा, कोमट पाणी द्या आणि तिला हळूहळू ऊब येऊ द्या. पुन्हा लगेच कडाक्यात सोडली तर इजा वाढते. काळी टोकं कापू नका. खालच्या जिवंत भागाला त्यांचं पांघरूण होतं आणि ती आपोआप गळतात. सूज, पू किंवा लंगडणं दिसलं, तर पशुवैद्याला दाखवा.