न वाचणाऱ्या मुलाला पुस्तक सुचवताना

‘तुला कुठली पुस्तकं आवडतात?’ हा प्रश्न सरळ वगळा. ज्याला वाचनाचा कंटाळा आहे त्याच्याकडे उत्तर नसतं. ‘माहीत नाही’ म्हणून तो मोकळा होतो आणि तुम्ही होता तिथेच राहता. त्यापेक्षा कुठली सिरीज एका दमात संपवली, गेममध्ये काय करायला मजा येते, कुठले व्हिडिओ शेवटपर्यंत बघतो, हे विचारा. आणि उत्तर आलं की लगेच कपाटाकडे धावू नका, आणखी एक प्रश्न विचारा.

‘ती दरोड्याची सिरीज बघितली.’
‘त्यात भारी काय वाटलं?’
‘प्लॅन. सगळा फिसकटतो, तरी ते सुटतात.’

म्हणजे त्याला दरोडा नकोय, फिसकटलेला प्लॅन हवाय. बर्फात अडकलेल्या गिर्यारोहकांची सुटका किंवा तुरुंगातून पलायन यातलं काहीही चालेल. ‘ते एकमेकांना सोडत नाहीत ना, ते आवडलं’ असं उत्तर आलं असतं तर धागा दोस्तीचा होता आणि पुस्तकं पूर्ण वेगळी निघाली असती. फुटबॉल आवडतो म्हणून फुटबॉलपटूचं चरित्र हातात ठेवणं बहुतेकदा फसतं ते याचमुळे. त्याला खेळायचं असतं, कुणाच्या बालपणाबद्दल वाचायचं नसतं.

अमेरिकन ग्रंथपाल नॅन्सी पर्ल म्हणतात की पुस्तकात शिरायला चार दारं असतात: कथानक, पात्रं, परिसर आणि भाषा. वाचनाला बिचकणारी मुलं बहुधा पहिल्या दोन दारांनी आत येतात. सुचवणारी मोठी माणसं मात्र चौथ्या दारापाशी उभी राहून ‘काय सुंदर लिहिलंय!’ म्हणत असतात. निम्म्या शिफारशी इथेच वाया जातात.

मूल का वाचत नाही, हेही पाहावं लागतं. वाचता येतं पण रस नाही, ही एक गोष्ट. वाचणंच जड जातं, ही दुसरी. दोन्हींवर एकच पुस्तक चालत नाही. मधलं एखादं पान त्याला मनात वाचू द्या आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायला सांगा. एका पानात पाच बोटं दुमडली तर ते पुस्तक सध्या बाजूला ठेवा. चारचौघांत मोठ्याने वाचायला मात्र कधीही लावू नका. चौदाव्या वर्षी झालेली ती फजिती पुढे कित्येक वर्षं पुस्तकाला चिकटून राहते. पहिलं अक्षर पाहून पुढचा शब्द अंदाजाने ठोकणं, ओळ सुटणं, एका पानातच दमून जाणं असं सतत दिसत असेल तर डिस्लेक्सियाची (अक्षरं-शब्द ओळखणंच अवघड जाण्याची) शक्यता तज्ज्ञाकडून तपासून घ्या. तोवर ऑडिओबुक ऐकता ऐकता तेच पुस्तक डोळ्यांखालून घालणं हा उत्तम मार्ग आहे. ते अर्धं वाचन नव्हे.

वाचायला जड जाणाऱ्या मुलाला लहान मुलांचं पुस्तक देणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. भाषा सोपी हवी, विषय वयाचा हवा. किशोरवयीन मुलं आपल्यापेक्षा वर्ष-दोन वर्षांनी मोठ्या नायकाबद्दल खुशीने वाचतात, धाकट्याबद्दल नाही. दहा वर्षांचा नायक मुखपृष्ठावर दिसला की चौदा वर्षांचा मुलगा पुस्तक उघडतसुद्धा नाही. शिवाय छपाई बघा. ओळींत मोकळी जागा, रुंद समास, आठ-दहा पानांत संपणारी प्रकरणं. बारीक टाइपात गच्च भरलेलं पान पाहूनच त्याचा निर्णय झालेला असतो.

आता थोडा हिशेब. अडखळत वाचणाऱ्याला एका पानाला दोन मिनिटं लागतात असं धरू. रोज पंधरा मिनिटं बसला तर १२० पानांचं पुस्तक १६ दिवसांत संपतं, ४०० पानांचं जवळपास ५४ दिवसांत. दोन महिने एकाच गोष्टीत कोण टिकणार? एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला ‘प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक’ सगळ्यांना पाठ असतो. ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हा चौथा मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही. पहिलं पुस्तक दीडशे पानांच्या आतलंच द्या.

याला एक गमतीदार अपवाद आहे: मुक्तछंदातल्या कादंबऱ्या. जेसन रेनॉल्ड्स यांची ‘लाँग वे डाउन’ (२०१७) तीनशेवर पानांची आहे, पण पानावर मोजक्याच ओळी असल्याने एका बैठकीत संपते. जाड पुस्तक संपवल्याचा रुबाब फुकट मिळतो. कॉमिक, मांगा (जपानी कॉमिक), ग्राफिक कादंबरी यांचंही तेच. ‘हे काय वाचन झालं?’ म्हणणाऱ्या पालकांना सांगा की आर्ट स्पीगेलमन यांच्या ‘माउस’ला १९९२ मध्ये विशेष पुलित्झर मिळालं, आणि ते कॉमिकच आहे.

प्रत्यक्ष देताना तीन पुस्तकं समोर ठेवा. एकच दिलं तर तो हुकूम होतो, दहा दिली तर गोंधळ. एक त्याच्या धाग्याला अगदी जवळचं, दुसरं थोडं बाजूचं, तिसरं भलतंच. हे तिसरं किती वेळा उचललं जातं ते पाहून चकित व्हाल. प्रत्येकाबद्दल अर्धा मिनिट बोला: कोण आहे, कशात सापडलाय, आणि तिथेच गप्प व्हा. उदाहरणार्थ, वरच्याच कादंबरीबद्दल: ‘विलच्या भावाला गोळी घातलीय. विल पिस्तूल घेऊन बदला घ्यायला निघालाय. लिफ्ट खाली जातेय, आणि मजल्यामजल्यावर जे आत शिरतायत ते सगळे मेलेले आहेत.’ बस. ‘छान आहे’, ‘यातून खूप शिकायला मिळतं’, ‘तुझ्या वयात मी’ यातलं काही तोंडातून निघालं तर पुस्तक गेलंच म्हणून समजा. मग तिथून उठा. तुमच्या डोळ्यांदेखत ते उचलणं त्याला अवघड जातं.

हिंसा, लैंगिक प्रसंग, आत्महत्या हे विषय असतील तर आधी स्वतः वाचा आणि देताना साध्या शब्दांत सांगा: ‘यात असं असं आहे, नको वाटलं तर ठेवून दे.’ लपवून दिलेलं पुस्तक तुमच्यावर उलटतं. मुलींची पुस्तकं, मुलांची पुस्तकं अशी वाटणी मात्र करू नका. त्याने अर्धं कपाट उगाच बंद होतं.

सोडून द्यायची मुभा पहिल्याच दिवशी द्या. पर्लबाईंचाच नियम: पन्नाशीपर्यंतच्या वाचकाने पन्नास पानं वाचून ठरवावं. आमच्या मते कंटाळणाऱ्या मुलासाठी वीस पुरेत. मधल्या दिवसांत ‘कुठवर आलं?’ विचारू नका. परत आलं की ‘आवडलं का?’ऐवजी ‘कुठे सोडलंस?’ विचारा आणि पानाचा आकडा वहीत टिपून ठेवा. पाचव्या पानावर सोडलं असेल तर सुरुवात संथ होती किंवा भाषा जड, धागा कदाचित बरोबर असेल. त्याच धाग्याचं सोपं पुस्तक काढा. साठाव्यावर सोडलं तर भाषा जमतेय, पण धागा चुकलाय. पुन्हा ‘त्यात भारी काय वाटलं?’ या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करा. आणि शेवटपर्यंत गेला, तेही मालिकेतल्या पहिल्या भागाच्या, तर दुसरा भाग आधीच आणून ठेवलेला हवा. तो शोधण्यात आठवडा गेला की गाडी पुन्हा मोबाइलवर जाते.