अमेरिकेत हॉस्पिटल फार्मसीची रेसिडेन्सी: नव्याने आलेल्या फार्म.डी. मंडळींसाठी

मंडळाच्या गणपतीत महाराष्ट्रातून नुकतीच आलेली फार्म.डी.ची (डॉक्टर ऑफ फार्मसी) मुलं-मुली भेटली की रेसिडेन्सीबद्दल, म्हणजे पदवीनंतर हॉस्पिटलात पगारी प्रशिक्षण घेण्याबद्दल, हमखास विचारतात, "ताई, रेसिडेन्सीसाठी कुठे कुठे अर्ज करू?" मी उलट विचारते, "इथल्या एखाद्या हॉस्पिटलात तुझं काम कुणी पाहिलंय का?" बहुतेकांनी हा विचारच केलेला नसतो. परीक्षांची माहिती सगळ्यांना तोंडपाठ असते, म्हणून ती मी भराभर सांगून टाकते.

एएसएचपीची (हॉस्पिटल फार्मासिस्टांची राष्ट्रीय संघटना) मान्यता असलेल्या पीजीवाय-१, म्हणजे पहिल्या वर्षाच्या, रेसिडेन्सीला दोन प्रकारचे उमेदवार चालतात: इथल्या मान्यताप्राप्त कॉलेजातून फार्म.डी. झालेले, किंवा एनएबीपीचं (राज्यांच्या फार्मसी बोर्डांची संघटना) एफपीजीईसी हे परदेशी पदवीसाठीचं प्रमाणपत्र मिळवलेले परदेशी पदवीधर. २००३ पासून पुढे पदवी घेतलेल्यांना या प्रमाणपत्रासाठी किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. म्हणजे आपली चार वर्षांची बी.फार्म. तिथेच अडते, आणि वर एम.फार्म. जोडूनही भागत नाही. २००८च्या नियमांनी आलेली आपली सहा वर्षांची फार्म.डी. मात्र चालते. भारतातून निघण्याआधी राज्याच्या फार्मसी कौन्सिलची नोंदणी चालू आहे ना ते बघा आणि विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्टची कामं उरकून घ्या. इथे बसून ती करायची म्हणजे कुणा काकांना खिडकीवर हेलपाटे घालायला लावायचे.

मग त्या प्रमाणपत्रासाठीची एफपीजीईई परीक्षा आणि इंग्रजीची टोफेल, त्यानंतर इथे ज्या राज्यात राहता तिथल्या फार्मसी बोर्डाचं इंटर्न लायसन्स, इंटर्नचे तास, नॅप्लेक्स ही लायसन्सची परीक्षा आणि कायद्याचा पेपर. तास राज्याप्रमाणे बदलतात. बऱ्याच ठिकाणी १५०० च्या आसपास. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. तास पूर्ण झाल्याशिवाय लायसन्स नाही, आणि रेसिडेन्सीच्या वर्षाचा किमान दोन-तृतीयांश काळ तुमच्याकडे लायसन्स असावं लागतं. म्हणून तास आधी आणि रेसिडेन्सी मागून, हाच क्रम ठेवा.

आता तासांबद्दल. आपली बहुतेक मंडळी ते एखाद्या साखळी दुकानाच्या फार्मसीत काढतात, कारण तिथे जागा पटकन मिळते. त्यात कमीपणा काहीच नाही, पण रेसिडेन्सीची निवड करणाऱ्यांना त्यातून फारसं काही कळत नाही. निदान काही तास हॉस्पिटलात मिळवा. इंटर्न म्हणून घेत नसतील तर टेक्निशियन म्हणून शिरा. त्यातही इमर्जन्सीत पेशंटच्या घरच्या औषधांची यादी तयार करण्याचं काम मिळालं, तर सोडू नका. आजीबाई पिशवीतून डब्या काढून दाखवतात, त्यातली "ती छोटी पांढरी गोळी" कसली ते तुम्ही तिच्या दुकानाला फोन करून शोधायचं. इथल्या लोकांचे उच्चार, ब्रँडची नावं, विम्यामुळे औषध मध्येच बंद केलेले पेशंट, हे सगळं तिथे शिकायला मिळतं. शिवाय क्लिनिकल फार्मासिस्ट तुम्हाला रोज बघतात. सहा वर्षं शिकून टेक्निशियन झालो हे घरी सांगताना जीव जड होतो, खरं आहे. तरीही करा.

कारण अर्जासोबत तीन शिफारसपत्रं लागतात. भारतातल्या प्राचार्यांनी लेटरहेडवर तुमचं कितीही कौतुक केलं तरी इथल्या प्रोग्रॅम डायरेक्टरला त्यावरून अंदाज बांधता येत नाही. तिला हवं असतं ते वेगळंच: चूक दाखवली तर हा माणूस ती कशी घेतो, एकाच वेळी चार कामं आली तर आधी काय हातात घेतो. हे सांगू शकेल असा एखादा तरी इथला फार्मासिस्ट गाठीशी असल्याशिवाय अर्जाची फी वाया घालवू नका.

व्हिसाचा प्रश्न अर्जाच्या आधी, ईमेलने, एका वाक्यात विचारा. पुष्कळ प्रोग्रॅम स्पॉन्सर करत नाहीत आणि तसं त्यांच्या माहितीपत्रकात लिहितातही. ग्रीन कार्ड किंवा जोडीदाराच्या व्हिसावरचं ईएडी (काम करायचं परवानापत्र) असेल तर हा अडसर नाही. इथल्याच कॉलेजातून फार्म.डी. केलेल्यांना ओपीटीचं (शिक्षणानंतर काम करायची विद्यार्थ्यांना मिळणारी परवानगी) एक वर्ष मिळतं आणि पीजीवाय-१ही बरोबर बारा महिन्यांची, त्यामुळे ते जमून जातं. पीजीवाय-२च्या, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या, वेळी गाडी अडते. विद्यापीठांशी जोडलेली ना-नफा हॉस्पिटलं एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीतून वगळलेली आहेत, पण सप्टेंबर २०२५च्या घोषणेने देशाबाहेरून येणाऱ्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर लावल्यापासून तीही हात आखडता घेतात. याबाबत माझ्यासकट कुणाच्याही जुन्या सल्ल्यावर विसंबू नका, वकिलाला विचारा.

वेळापत्रक साधारण असं. डिसेंबरात एएसएचपीची मिडइयर बैठक भरते; तिथे प्रोग्रॅमवाले टेबलं मांडून बसतात. अर्ज फोरकास पोर्टलवर, मुदत बहुतेक ठिकाणी जानेवारीच्या सुरुवातीला. फेब्रुवारीच्या आसपास मुलाखती, मार्चमध्ये पसंतीक्रम आणि मॅचचा, म्हणजे दोन्ही बाजूंचे पसंतीक्रम जुळवून होणाऱ्या निवडीचा, निकाल. पहिल्या फेरीत न जमलेल्यांसाठी दुसरी फेरी असते. मॅच दोन्ही बाजूंना बांधून ठेवतो, त्यामुळे जिथे जायचंच नाही ते नाव यादीत घालू नका.

मुलाखतीत आणि नंतर राउंडवर आपली माणसं ज्ञानात कमी पडत नाहीत, बोलण्यात पडतात. डॉक्टरांसमोर हात बांधून उभं राहायची आपली सवय. इथे अटेंडिंग, म्हणजे मुख्य डॉक्टर, सरळ विचारते, "फार्मसीचं काय म्हणणं?" तिथे "मॅडम, कदाचित डोस जास्त होतोय का बघता येईल" असं बोललात तर तिला वाटतं यांना माहीत नाही. "क्रिएटिनिन वाढलंय, व्हँकोमायसिनचा एयूसी ६००च्या वर जातोय, डोस कमी करते आणि उद्या लेव्हल घेते", असं बोला (एयूसी म्हणजे औषध रक्तात एकंदर किती राहिलं त्याचं माप). चुकलात तर दुरुस्त करतील, त्याने कुणाचा अपमान होत नाही. लिहिण्याच्या सवयीही बदलाव्या लागतात. आपल्याकडचं "ओडी" इथे उजव्या डोळ्यासाठी वापरतात. रोज एकदा असेल तर तसं पूर्ण लिहायचं. इन्सुलिनपुढे नुसतं "यू" लिहायचं नाही, "युनिट्स" लिहायचं, आणि ५ मिलिग्रॅमचं ५.० करायचं नाही. पॅरासिटामॉल इथे ॲसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल. जीभ वळायला वेळ लागतो.

वर्ष दमवणारं असतं. मेडिसिन, आयसीयू, इन्फेक्शियस डिसीज, ओपीडी क्लिनिक अशा रोटेशन्स, वर्षभर चालणारा संशोधन प्रकल्प, त्याचं सादरीकरण, आणि ठरलेल्या वीकेंडना फार्मसीत ऑर्डर तपासण्याची पाळी. तासांना मर्यादा आहे, आठवड्याला सरासरी ८०. ती दिलासा देणारी वाटते की धमकी, ते तुमच्या स्वभावावर. पगार पूर्ण फार्मासिस्टच्या निम्म्याहूनही कमी. तेव्हा घर हॉस्पिटलजवळ घ्या, गाडी नवी घेऊ नका आणि वीकेंडच्या पाळीला डबा न्या. फक्त रेसिडेंट रूमच्या मायक्रोवेव्हमध्ये सुकट गरम करू नका, सगळा मजला लक्षात ठेवतो.

त्याच हॉस्पिटलात पीजीवाय-२ करायची असेल तर अर्ली कमिटमेंटची, म्हणजे मॅचआधीच जागा पक्की करण्याची, सोय असते आणि ती डिसेंबरातच ठरवावी लागते, म्हणजे तुम्ही जेमतेम रुळलेले असताना. ऑक्टोबरातच डायरेक्टरशी बोलून घ्या.

आणि दोन्ही फेऱ्यांत मॅच झालाच नाही तर? लायसन्स हातात असलं तर लहान गावातल्या हॉस्पिटलात किंवा रात्रपाळीला जागा निघतात. रात्री अख्ख्या हॉस्पिटलाला फार्मासिस्ट म्हणून तुम्ही एकटेच असता, हेपरिनपासून स्ट्रोकच्या अल्टेप्लेजपर्यंत सगळं तुमच्या हातून जातं. बीसीपीएस ही औषधोपचारातल्या तज्ज्ञतेची बोर्ड परीक्षा रेसिडेन्सीशिवाय, पुरेशा कामाच्या अनुभवावरही देता येते. फक्त वर्षं जास्त लागतात. माझ्या ओळखीतले दोघे याच वाटेने गेले आणि आज रेसिडेंटना शिकवतात.